कमी पैशांत जोरकस डिस्क ब्रेक: इंदूरच्या नव्या माउंटन बाइकवाल्यांसाठी

इंदूर शहरात ब्रेकची खरी परीक्षा होत नाही. राजेंद्रनगरपासून बायपासपर्यंत रस्ता जवळपास सपाट आहे, आणि सिग्नलला थांबण्यापुरता कुठलाही ब्रेक पुरतो. परीक्षा सुरू होते ती शहर सोडल्यावर. महूच्या पुढे जानापावची टेकडी आहे, खंडवा रस्त्यावर सिमरोलचा घाट आहे, आणि पातालपाणी-चोरलच्या बाजूला दगडगोट्यांच्या पायवाटा आहेत. माळव्याचं पठार तिथे संपतं आणि जमीन नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागते. अशा उतारावर लिव्हर हँडलपर्यंत दाबूनही सायकल पळत राहिली, की बहुतेक जण थेट नवा, महागडा ब्रेक शोधू लागतात. अनेकदा त्याची गरज नसते. ब्रेकचा जोर रोटरचा (चाकासोबत फिरणाऱ्या धातूच्या तबकडीचा) आकार, तिला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या पॅडचा प्रकार आणि जोडणीची सफाई या तीन गोष्टींवर फार अवलंबून असतो, आणि या तिन्ही स्वस्त आहेत. म्हणून पैसे कोणत्या क्रमाने घालायचे, ते आधी ठरवू.

पायरी १: उताराचं गणित

सायकल, स्वार, पाणी आणि बॅग मिळून ८५ किलो वजन धरा. ताशी २० किलोमीटरवरून पूर्ण थांबायला ब्रेकला सुमारे १.३ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. हेच वजन २०० मीटर उंचीवरून वेग न वाढवता खाली आणायचं, तर आकडा १६७ किलोज्यूलच्या आसपास जातो. त्यातली थोडी ऊर्जा वारा आणि टायर खातात, बाकीची रोटर आणि पॅडच्या वाट्याला येते. म्हणजे २०० मीटरचा एक उतार हा शहरातल्या जवळपास सव्वाशे थांब्यांएवढा, आणि तोही काही मिनिटांत. जानापावचा माथा सुमारे ८५० मीटरवर आहे, इंदूर साधारण ५५० मीटरवर. त्या टेकडीवरून कमकुवत ब्रेक घेऊन उतरू नये.

यातून दोन गोष्टी ठरतात. तुमचं वजन ८० किलोच्या वर असेल किंवा घाट आणि पायवाटा नियमित करायच्या असतील, तर पुढे १८० मिलिमीटरचा रोटर हवाच. वजन ६० च्या आसपास आणि फिरणं मुख्यतः कच्च्या सपाट रस्त्यांवर असेल, तर नीट जोडलेला १६० पुरतो.

चाकाचा आकारही मोजा. चाक जितकं मोठं, तितका त्याच रोटरचा जमिनीवरचा जोर कमी. २६ इंची चाकावर १६० चा रोटर जे काम करतो, त्यासाठी २९ इंची चाकाला सुमारे १८० लागतो. जुन्या २६ इंची सायकलवरून २९ वर आलेल्यांना ब्रेक मऊ वाटतात त्याचं हे एक कारण आहे.

पायरी २: आता सायकलवर काय आहे ते नीट बघा

ही पायरी बरेच जण सोडतात आणि मग न बसणारे भाग घेऊन येतात. एक मोजपट्टी आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन बसा.

ब्रेक केबलवर चालतो की तेलावर, ते पहिलं बघा. कॅलिपरला, म्हणजे रोटरवर बसून पॅड दाबणाऱ्या भागाला, एक हात असून त्याला तार येते तो मेकॅनिकल. जाड काळी नळी थेट कॅलिपरमध्ये जाते तो हायड्रॉलिक. तिसराही एक प्रकार बाजारात आहे: लिव्हरपासून तार येते, पण कॅलिपरच्या आत तेल असतं. झूमचा एचबी-१०० हा त्यातला. तो साध्या मेकॅनिकलपेक्षा बरा, पण तारेचं घर्षण त्यालाही सोसावं लागतं.

मग कॅलिपर कुठे बसतो ते बघा. फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या दांड्यावर) किंवा फ्रेमवर चाकाच्या पुढच्या-मागच्या दिशेला तोंड केलेली, ७४ मिलिमीटर अंतरावर दोन भोकं असतील तर तो पोस्ट माउंट. भोकं बाजूने आरपार आणि ५१ मिलिमीटरवर असतील तर आयएस. दोन्हींसाठी अॅडॅप्टर, म्हणजे कॅलिपर योग्य जागी बसवणारे जोडतुकडे, मिळतात, पण ते वेगवेगळे. पोस्ट माउंट मूळ किती मिलिमीटरच्या रोटरसाठी आहे, हेही पाहावं लागतं. अॅडॅप्टर नसताना आज जो रोटर बसतो तोच त्याचा मूळ आकार.

रोटरचा आकार बहुधा रोटरवरच कोरलेला असतो. नसेल तर व्यास मोजा. त्याच्या जवळच ‘रेझिन पॅड ओन्ली’ (फक्त रेझिनचे पॅड; पॅडचे प्रकार पायरी ३ मध्ये) असं इंग्रजीत लिहिलेलं आहे का ते शोधा. शिमानोच्या आरटी२६, आरटी५४, आरटी५६ यांसारख्या स्वस्त रोटरवर ते असतं. त्यांचं पोलाद मऊ असल्यामुळे मेटल पॅड लावले तर रोटर लवकर झिजतो.

हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, सहा बोल्टचा आहे की सेंटरलॉक (रोटर एकाच रिंगने धरणारा)? सहा बोल्टच्या प्रमाणित हबवर शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर २२ मिलिमीटर भरतं. अगदी स्वस्त सायकलींवर हे माप जुळत नाही. तसं असेल तर चांगला रोटर बसणारच नाही, आणि ब्रेकआधी चाकाचा विचार करावा लागेल.

शेवटी फोर्क आणि फ्रेम जास्तीत जास्त किती मोठा रोटर सोसते ते कंपनीच्या माहितीपत्रकात पाहा. सुरुवातीच्या किमतीच्या अनेक फोर्कना १८० ही वरची मर्यादा असते, काहींना १६०. ही मर्यादा मोडू नका. मोठ्या रोटरचा ताण फोर्कच्या डाव्या पायावर येतो, आणि तिथे तडा गेला तर तो वेगात असतानाच जाईल.

पायरी ३: पहिले दोन-तीन हजार रुपये

नवा सेट घेण्याआधी ही तीन कामं करा. किमती दुकानागणिक बदलतात, म्हणून खालचे आकडे फक्त अंदाजासाठी.

सफाई. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती फडकं घ्या. रोटर दोन्ही बाजूंनी पुसा. फडकं काळं येणं थांबेपर्यंत, दर वेळी नवी घडी वापरून. पॅड काढून त्यांचा पृष्ठभाग बघा. काचेसारखा चकचकीत असेल तर १२० नंबरचा रेगमाल (पॉलिश पेपर) सपाट फरशीवर ठेवून त्यावर पॅड आठाच्या आकारात हलक्या हाताने घासा, सगळा पृष्ठभाग एकसारखा निस्तेज होईपर्यंत. घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ देऊ नका, मास्क लावा. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर घासून, भाजून, धुऊन ते भरवशाचं होत नाही. टाकून द्या. चेनवर स्प्रे मारताना उडालेला फवारा हे पॅड बिघडण्याचं सगळ्यांत सामान्य कारण आहे. चेनला थेंबाथेंबाने तेल घाला, आणि स्प्रे तर नकोच.

पॅड. नवे पॅड साधारण पाचशे ते हजार रुपये जोडी. रेझिन पॅड थंड असतानाही चांगले चावतात, आवाज कमी करतात, पण लांब उतारावर तापून ढिले पडतात आणि चिखलात लवकर संपतात. मेटल, म्हणजे सिंटर्ड पॅड गरम झाल्यावरही जोर टिकवतात आणि जास्त काळ चालतात. मात्र पहिल्या एक-दोन दाबांत थोडे बोथट वाटतात, कर्कश वाजतात, आणि उष्णता कॅलिपरच्या तेलाकडे जास्त पाठवतात. इंदूरच्या आसपास फिरणाऱ्या बहुतेकांसाठी चांगले रेझिन पॅड योग्य. घाट नेहमीचा असेल आणि रोटर परवानगी देत असेल तरच मेटल घ्या. खरेदीला जाताना जुना पॅड सोबत न्या. पॅडचे आकार डझनावारी आहेत आणि नुसतं ‘शिमानोचे द्या’ म्हणून काम भागत नाही. शिमानोच्या एमटी२०० ब्रेकला बी०१एस, बी०३एस किंवा बी०५एस चालतात; शिमानोच्या चार पिस्टनच्या (पिस्टन म्हणजे पॅड ढकलणारे दट्टे) कॅलिपरना डी मालिकेतले किंवा पंखवाले एन मालिकेतले लागतात.

पुढचा रोटर मोठा करणं. रुपयामागे सगळ्यांत जास्त जोर इथे मिळतो. १६० वरून १८० वर गेलात की तोच कॅलिपर, तीच लिव्हर, तेवढाच बोटांचा दाब ठेवून थांबवणारा जोर साडेबारा टक्क्यांनी वाढतो. २०३ वर गेलात तर जवळपास २७ टक्क्यांनी. शिवाय धातू जास्त असल्याने रोटर हळू तापतो. खर्च काय, तर एक रोटर आणि २० मिलिमीटर वाढवणारा एक अॅडॅप्टर, मिळून साधारण दीड-दोन हजार. रोटर घेताना शिमानोचा आरटी६६ किंवा त्याच दर्जाचा घ्या. त्यावर रेझिन आणि मेटल दोन्ही पॅड चालतात, त्यामुळे पुढे पर्याय मोकळा राहतो.

मागचा रोटर १६० राहू द्या. ब्रेक दाबताच वजन पुढच्या चाकावर सरकतं, मागचं हलकं होतं आणि जास्त जोर दिला तर फक्त घसरतं. पैसे दोन्हीकडे सारखे वाटण्याची सवय इथे उपयोगाची नाही.

मेकॅनिकलवरच राहणार असाल तर आणखी एक काम करा. अशा बहुतेक ब्रेकमध्ये फक्त बाहेरचा पॅड हलतो, आतला स्थिर असतो. आतल्या पॅडचा स्क्रू फिरवून तो रोटरला जेमतेम न घासेल इतका, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढा जवळ आणा. पॅड झिजल्यावर लोक केबलचा बॅरल अॅडजस्टर (केबल ताणणारा गोल स्क्रू) बाहेर फिरवत जातात. तसं केलं की कॅलिपरचा हात अर्धा ओढलेल्या अवस्थेतच सुरू होतो आणि उरलेल्या फेरीत जोर मिळत नाही. पॅड स्क्रूने जवळ आणावेत, केबल ताणून नव्हे. मागच्या ब्रेकला दबली न जाणारी, कॉम्प्रेशनलेस बाहेरची केबल घातली तर लिव्हरचा स्पंजीपणा बराच जातो.

पायरी ४: नवा सेट घ्यायचाच असेल तर

साध्या मेकॅनिकलवरून हायड्रॉलिकवर येणाऱ्यासाठी शिमानो एमटी२०० ही पहिली पायरी. पुढचा-मागचा मिळून साधारण पाच ते सात हजारांत बसतो. दोन पिस्टन, मिनरल ऑइल, सगळीकडे मिळणारे पॅड, आणि जवळजवळ प्रत्येक चांगल्या सायकल मेकॅनिकच्या हाताखालून गेलेला. टेक्ट्रोचा एचडी-एम२७५ याच वर्गातला. तो सायकलवर आधीपासून असेल तर बदलू नका. त्याला चांगले पॅड आणि १८० चा रोटर द्या.

त्यावरची पायरी दोन प्रकारांनी चढता येते. एक, लिव्हर चांगली. शिमानोच्या एमटी५०१ लिव्हरमध्ये सर्व्हो वेव्ह नावाची रचना आहे. सुरुवातीला पॅड पटकन रोटरजवळ येतात आणि नंतर लिव्हरचा जोर वाढत जातो. एका बोटाने ब्रेक मारणं त्यामुळे शक्य होतं. दोन, कॅलिपर चार पिस्टनचा. शिमानोचे एमटी४२० आणि एमटी५२०, शिमानोच्याच डिओर मालिकेतला एम६१२०, टेक्ट्रोचा ओरायन, टीआरपीचा स्लेट टी४ हे या वर्गातले. चार पिस्टनमध्ये पॅड लांब असतो, दाब जास्त जागेवर पसरतो आणि उष्णता जास्त सोसली जाते. एमटी५०१ लिव्हर आणि एमटी५२० कॅलिपर ही जोडी किमतीच्या मानाने फार जोरकस आहे. वजनदार स्वारासाठी किंवा लांब उतारांसाठी पैसे घालायचेच असतील तर इथे घाला. यावरच्या, शिमानोच्याच एसएलएक्स-एक्सटी वर्गात वजन कमी होतं आणि लिव्हरचे बारीक अॅडजस्टमेंट मिळतात. जोरात तेवढा फरक पडत नाही.

पैसे कमी असतील तर चार पिस्टनचा कॅलिपर फक्त पुढे लावा आणि मागे एमटी२०० ठेवा. त्यात काही कमीपणा नाही. अनेक अनुभवी स्वार हेच करतात. मात्र लिव्हर आणि कॅलिपर कंपनीने एकमेकांसाठी सांगितलेलेच घ्या. लिव्हरमधला पिस्टन आणि कॅलिपरमधले पिस्टन यांचं प्रमाण बिघडलं, तर लिव्हर एक तर लाकडासारखी कडक होते किंवा हँडलला टेकते.

ऑनलाइन मागवण्याआधी दोन गोष्टी तपासा. आपल्याकडे मोटरसायकलप्रमाणे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण बाहेरच्या देशांसाठी तयार झालेले सेट बहुतेक वेळा डावा-पुढचा, उजवा-मागचा असे तेल भरून येतात. तसा सेट आला की पुढच्या ब्रेकसाठी उजव्या लिव्हरच्या लांब नळीला कापावं लागतं, आणि डाव्या लिव्हरची आखूड नळी मागे पोचतच नाही. उजवा-पुढचा असा पर्याय विक्रेत्याकडे लिहून मागा. दुसरी गोष्ट नळीची लांबी. पुढे साधारण १,००० आणि मागे १,७०० मिलिमीटर बहुतेक सायकलींना पुरते, पण मोठ्या फ्रेमवर आधी दोरीने मोजून घ्या. संशयास्पद स्वस्त शिमानो दिसला तर सोडून द्या. नकली पॅड आणि रोटर खूप फिरतात, आणि ब्रेकमधला नकली माल कळतो तो उतारावर. पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

तेलाबद्दल, स्पष्ट शब्दांत

शिमानो, टेक्ट्रो, टीआरपी आणि मागुरा यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. हेझ, होप आणि स्रॅमच्या बऱ्याच मॉडेलमध्ये डॉट फ्लुइड असतं. स्रॅमने डीबी८ पासून काही मॉडेल मिनरल ऑइलवर आणली आहेत, म्हणून नाव पाहून अंदाज करू नका. लिव्हरच्या झाकणावर किंवा कॅलिपरवर लिहिलेलं असतं, ते वाचा.

मोटरसायकलच्या दुकानात ‘ब्रेक ऑइल’ म्हणून जे मिळतं ते डॉट ३ किंवा डॉट ४ असतं. ते मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये घातलं की आतली रबरी सील फुगतात, पिस्टन अडकतात, लिव्हर परत येत नाही. धुऊन ते बरं होत नाही. पूर्ण ब्रेक फेकावा लागतो. उलट प्रकारही तितकाच घातक. ब्लीडिंगसाठी, म्हणजे नळीतली हवा काढून तेल भरण्यासाठी, सायकल दुसऱ्याच्या हाती देताना कोणतं तेल घालणार हे विचारा, बाटली बघा. यात संकोच करू नका. डॉट फ्लुइड हवेतली ओल शोषतं, त्यामुळे ते ठरावीक काळाने बदलावंच लागतं, आणि रंगावर सांडलं तर रंग खातं. मिनरल ऑइल ओल शोषत नाही. नवख्यासाठी तेच सोयीचं.

पायरी ५: बसवणं

साहित्य: ४ आणि ५ मिलिमीटरच्या अॅलन-की, टी२५ टॉर्क्स, ८ चा पाना, नळी सरळ कापणारा कटर, अल्कोहोल, स्वच्छ फडकी, आणि शक्य असेल तर टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते न्यूटन-मीटरमध्ये दाखवणारा पाना).

रोटर आधी. फिरण्याच्या दिशेचा बाण त्यावर असतो, तो बघा. सहाही बोल्ट हाताने टेकवा, मग चांदणी काढतो तसे समोरासमोरचे आवळत जा. शिमानोच्या रोटरला २ ते ४ न्यूटन-मीटर पुरतात. हे बोल्ट बारीक असतात, जोर लावला की डोकी गोल होतात. सेंटरलॉकची रिंग मात्र घट्ट लागते, ४० न्यूटन-मीटर. या कामानंतर रोटरला हात लावू नका. बोटांचा तेलकटपणाही पॅडमध्ये मुरतो.

अॅडॅप्टर आणि कॅलिपरचे बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटर. कॅलिपर जुळवताना आधी त्याचे दोन्ही बोल्ट इतके सैल करा की तो बाजूला सरकेल. चाक लावून लिव्हर घट्ट दाबा, दाबून ठेवा, आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बोल्ट एकदम आवळला तर कॅलिपर वळतो. मग मागे पांढरा कागद धरून पॅड आणि रोटर यांच्यातली फट बघा. दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसायला हवी. एका बाजूला घासत असेल तर एकच बोल्ट सैल करून कॅलिपर केसभर हलवा.

नळी कापावी लागली तर काटकोनात कापा. लिव्हरकडच्या टोकाला आत बसणारी बारीक नळी आणि बाहेरची ऑलिव्ह नावाची पितळी कडी, दोन्ही नव्या लागतात. जुनी ऑलिव्ह पुन्हा वापरली की गळते. शिमानोच्या बीएच५९ आणि बीएच९० नळ्यांची आत बसणारी ही बारीक नळी वेगवेगळी आहे; नळीवर नाव छापलेलं असतं. हँडल पूर्ण दोन्हीकडे वळवून नळी ताणली जात नाही ना, हे कापण्याआधी पाहा. कापलेली नळी वाढत नाही.

लिव्हर ग्रिपपासून थोडी आतल्या बाजूला सरकवा, म्हणजे तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या वळणावर पडते. जोर टोकालाच जास्त मिळतो. किती सरकवायची ते बोट ठेवूनच ठरवा.

पायरी ६: पॅड रुळवणं

नवे पॅड आणि नवा रोटर पहिल्या दिवशी अर्ध्याच जोराचे असतात. पॅडचा पातळ थर रोटरवर एकसारखा बसावा लागतो. सकाळी मोकळ्या रस्त्यावर ताशी २० पर्यंत वेग घ्या, एकच ब्रेक घट्ट दाबून चालण्याच्या वेगापर्यंत या, पण पूर्ण थांबू नका. असं वीस वेळा. मग ताशी ३० वरून दहा वेळा. पुढचा-मागचा वेगवेगळा करा. मध्येच चाक अडवून थांबलात तर त्या जागी थर जाड बसतो आणि पुढे प्रत्येक फेरीला ब्रेक धडधडतो. हे न करता थेट सिमरोलचा घाट उतरणाऱ्यांचे पॅड जळून चकचकीत होतात, आणि दोष मग ब्रेकला लागतो.

काय बिघडतं आणि का

लिव्हर स्पंजी लागते, दोन-तीनदा दाबली की कडक होते: नळीत हवा आहे. ब्लीडिंग करा. शिमानोमध्ये चाक आणि पॅड काढून कॅलिपरमध्ये पिवळा ठोकळा घालतात, लिव्हर आडवी करून तिच्यावर फनेल लावतात, आणि कॅलिपरच्या निपलमधून सिरिंजने तेल वर ढकलतात. बुडबुडे फनेलमध्ये येणं थांबलं की निपल बंद करायचं, नळीला टिचक्या मारायच्या, लिव्हर थोडी वर-खाली कलवून अडकलेले बुडबुडे काढायचे. पॅड काढायला विसरू नका, कारण तेलाचा एक थेंब त्यांना कायमचं निकामी करतो.

नवे पॅड बसतच नाहीत: मागच्या वेळी कुणीतरी पॅड झिजलेले असताना वरून तेल भरलं. आता पिस्टन मागे ढकलायला आत जागा नाही. जबरदस्ती केली तर लिव्हरमधला पडदा फाटून तेल गळेल. ब्लीड स्क्रू उघडून जास्तीचं तेल काढा, मग पिस्टन ढकला. म्हणूनच वरून तेल भरणं हा झिजलेल्या पॅडवरचा उपाय नाही.

एकच पिस्टन हलतो: धूळ बसून पिस्टन चिकटला आहे. पॅड काढा, लिव्हर हळू दाबून पिस्टन दोन-तीन मिलिमीटर बाहेर आणा, त्याची कड कापसाच्या काडीने पुसा, मिनरल ऑइलचा थेंब लावा, प्लास्टिकच्या टायर लिव्हरने आत ढकला. दोन-चार वेळा करा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर वापरू नका. शिमानोच्या अनेक कॅलिपरमधले पिस्टन धातूचे नसतात आणि त्यांची कड उडते. शेवटी सगळं अल्कोहोलने पुसून मगच पॅड घाला.

चाक काढलेलं असताना लिव्हर दाबली गेली: पॅड एकमेकांना चिकटतात आणि रोटर आत जात नाही. जुने पॅड ठेवूनच मध्ये सपाट प्लास्टिक घालून हळू उघडा. सायकल गाडीत नेताना पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याची घडी घालून ठेवली की हा प्रसंगच येत नाही.

लांब उतारावर लिव्हरचा जोर जातो: पॅड तापले आहेत. थांबा, पाच-दहा मिनिटं निवू द्या. रोटरला हात लावू नका, त्यावर पाणी ओतू नका, तो वाकतो. पुढच्या वेळी ब्रेक सतत हलका धरून न ठेवता वळणाआधी दोन्ही घट्ट दाबा आणि मध्ये मोकळे सोडा. मे महिन्यात ४२ अंशांत ब्रेक जास्त फेल होतात असं मानलं जातं, पण उतारावर रोटर शंभर अंशांच्या कितीतरी वर जातो. त्यापुढे हवेतले दहा अंश किरकोळ आहेत. फरक पडतो तो सतत दाबून ठेवल्याने.

पावसाळ्यासाठी

माळव्याची काळी माती पावसात चाकाला आणि फोर्कला चिकटून बसते, आणि तिच्यातली बारीक रेती पॅडला कानशीसारखी घासते. कोरड्या महिन्यांत जे पॅड बराच काळ टिकतात, ते तिंछा-चोरलच्या बाजूच्या एका लांब, चिखलाच्या फेरीतही संपू शकतात. जुलै ते सप्टेंबर दर फेरीनंतर कॅलिपर साध्या पाण्याने धुवा. प्रेशर पंपाचा फवारा थेट कॅलिपरवर किंवा हबवर मारू नका. पॅडचं घासणारं अस्तर १ मिलिमीटरवर आलं की बदला. शिमानोची अखेरची मर्यादा अर्धा मिलिमीटर आहे, पण तिथपर्यंत थांबलात तर धातूची पट्टी रोटरला लागायला एक उतार पुरतो. रोटरची जाडी वर्षातून एकदा व्हर्नियरने मोजा. शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटरचा असतो, १.५ वर आला की काढायचा.

बॅगेत एक जोडी पॅड आणि ३ मिलिमीटरची अॅलन-की किंवा पक्कड ठेवा. पॅडची पिन यांपैकी कशाने निघते ते घरीच पाहून घ्या. रस्त्यावर पॅड बदलायला दहा मिनिटं लागतात: चाक काढा, पिन काढा, जुने पॅड आत असतानाच टायर लिव्हरने पिस्टन मागे ढकला, नवे पॅड आणि मधली स्प्रिंग एकत्र धरून सरकवा, पिन आणि तिची क्लिप लावा. निघण्याआधी जागेवरच लिव्हर चार-पाच वेळा दाबा, कारण पिस्टन मागे गेलेले असताना पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.